कीटक आणि माणूस यांच्याविषयीची पुस्तके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकांविषयी वाचावेसे वाटणारे वाचक बहुधा दोन वाटांनी येतात. कोणाला बागेतल्या फुलपाखराचे नाव हवे असते, तर कोणाला कपाशीवरच्या अळीचा बंदोबस्त. या दोन्ही गरजांच्या पलीकडे जाणारी, कीटकांच्या आणि माणसांच्या एकत्र आयुष्याची गोष्ट सांगणारी पुस्तके आहेत. त्यांच्याविषयी वाचकांकडून सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

या पानावर कोणत्या पुस्तकांचा विचार केला आहे?

कीटकांची ओळख पटवून देणाऱ्या पुस्तिका आणि पीक संरक्षणाची पाठ्यपुस्तके उपयुक्त असतात. परंतु पहिल्या प्रकारात माणूस नसतो आणि दुसऱ्या प्रकारात कीटक केवळ शत्रू म्हणून येतो. येथे प्रामुख्याने अशा पुस्तकांचा विचार आहे, ज्यांत निरीक्षण करणारा माणूस आणि त्याच्या नजरेसमोरचा कीटक हे दोघेही उपस्थित आहेत, किंवा ज्यांत एखाद्या कीटकाने माणसांच्या इतिहासात घडवलेला फेरफार दाखवलेला आहे. मे बेरेनबॉम यांचे 'बग्ज इन द सिस्टिम' (1995) हे या विषयाचा संपूर्ण आवाका एका खंडात मांडणारे पुस्तक आहे. अन्न, वस्त्र, रोग, युद्ध आणि संशोधन अशा सर्व अंगांनी कीटक मानवी व्यवहारात कसे गुंतलेले आहेत, हे त्यातून कळते.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

माझे उत्तर नेहमी एकच असते : झाँ-आंरी फाब्र. फ्रान्सच्या दक्षिणेतील हा शाळामास्तर (1823–1915) आयुष्यभर पैशांच्या ओढगस्तीत राहिला. 1879 मध्ये सेरिन्यां गावाजवळ त्याने दगडगोट्यांनी आणि काट्यांनी भरलेला, शेतीला निरुपयोगी असा जमिनीचा तुकडा घेतला आणि पुढची सुमारे 36 वर्षे तेथील गांधीलमाश्या, शेणकिडे, नाकतोडे आणि सुरवंट पाहण्यात घालवली. 'सुव्हनीर आंतोमोलॉजिक' या नावाने त्याच्या आठवणी-निरीक्षणांचे दहा खंड 1879 ते 1907 या काळात प्रसिद्ध झाले. इंग्रजीत त्यांतले निवडक लेख विषयवार स्वतंत्र पुस्तकांत मिळतात, म्हणून दहा खंडांच्या धास्तीने थांबण्याचे कारण नाही.

पाईन वृक्षावरील सुरवंटांचा लेख प्रथम वाचावा. हे सुरवंट रेशमाचा धागा सोडत एकामागोमाग एक रांगेने चालतात. फाब्रच्या घरातील एका मोठ्या कुंडीच्या काठावर ही रांग चढली, तेव्हा काठाचे वर्तुळ पूर्ण होताच त्याने उरलेल्या सुरवंटांना बाजूला सारून जमिनीकडे जाणारा धागा पुसून टाकला. आता रांगेला पुढारी उरला नाही आणि शेवटही उरला नाही. थंडी आणि उपासमार सोसत, जवळच अन्न ठेवलेले असूनही, ते सुरवंट सात दिवस त्याच काठावर फिरत राहिले. फाब्र ते सातही दिवस टिपतो, आणि वाचकाला त्या प्राण्यांच्या हट्टाइतकाच पाहणाऱ्याचा धीरही जाणवत राहतो.

फाब्रने उत्क्रांतिवाद नाकारला होता, मग त्याचे लेखन आज विश्वसनीय कसे मानावे?

त्याने उत्क्रांतिवाद स्वीकारला नाही, हे खरे आहे. तरीही खुद्द चार्ल्स डार्विनने त्याचा उल्लेख अतुलनीय निरीक्षक असा केला होता आणि दोघांत पत्रव्यवहारही होता. फाब्रच्या निष्कर्षांपेक्षा त्याची निरीक्षणे मोठी आहेत. शिकारी गांधीलमाशी आपल्या भक्ष्याच्या मज्जातंतूंवर नेमका डंख मारते, या त्याच्या वर्णनातील 'नेमकेपणा' त्याने थोडा जास्तच ताणला, असे नंतरच्या अभ्यासकांना दिसले. परंतु भक्ष्य मेलेले नसून लुळे पडलेले असते, हा त्याचा मूळ शोध टिकून आहे. त्याच्या आधी लेओं द्युफूर या नामवंत अभ्यासकाने, भक्ष्य मरते आणि माशीच्या विषामुळे ते कुजत नाही, असे मानले होते. जुने पुस्तक वाचताना लेखकाने काय पाहिले आणि त्यावरून काय मानले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणजे पुरते.

मराठी वाङ्मयात कीटक आहेत का?

भरपूर आहेत, आणि हा प्रश्न सविस्तर उत्तर देण्याच्या योग्यतेचा आहे. मुक्ताबाईंच्या अभंगातील मुंगी सूर्याला गिळते. तुकोबांच्या अभंगात लहानपण मागताना मुंगी आणि साखरेचा रवा येतो. सर्वांत मोठा साठा मात्र एकनाथी भागवतात आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील ही टीका नाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. तीत अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते, आणि त्या गुरूंत पतंग, मधमाशी आणि भृंगी हे कीटक, तसेच जाळे विणणारा कोळीही आहे. पतंगाकडून रूपाच्या मोहाचा परिणाम, मधमाशीकडून संग्रहाचा धोका, असा प्रत्येकाकडून एक धडा घेतलेला आहे.

भृंगीचा दृष्टान्त मराठी माणसाच्या विशेष परिचयाचा आहे. भृंगी एका अळीला मातीच्या घरट्यात कोंडते, अळी भयाने सतत तिचेच ध्यान करते आणि अखेरीस स्वतः भृंगी होऊन बाहेर पडते, असे त्यात सांगितले आहे. ध्यानाने ध्येयाशी एकरूपता येते, हा त्याचा अर्थ. दृष्टान्त म्हणून तो निर्दोष आहे, आणि त्यामागे प्रत्यक्ष पाहणे आहे, हे मला महत्त्वाचे वाटते : कुंभारीण माशी हिरवी अळी उचलून मातीच्या मडक्यात नेते, तोंड लिंपून टाकते आणि काही दिवसांनी त्याच मडक्यातून माशी बाहेर येते, एवढे कोणीतरी नीट पाहिल्याशिवाय ही कल्पना सुचणारच नाही. मधल्या काळात मडक्याच्या आत काय घडले, तेवढेच दिसलेले नव्हते.

तो आतला भाग फाब्रने पाहिला. माशी डंख मारून अळ्यांना लुळे करते; परंतु त्या पुरत्या निश्चल नसतात, वळवळू शकतात. माशीचे अंडे इतके नाजूक असते, की त्या वळवळीने ते सहज चिरडले जावे. म्हणून ते अळ्यांवर न ठेवता घुमटाच्या छताला एका बारीक धाग्याने टांगलेले असते. अंड्यातून निघालेली माशीची अळी प्रथम त्या धाग्याला लोंबकळतच खालच्या अळ्यांना खाऊ लागते आणि भक्ष्य हलले की वर सरकते. पुरेशी मोठी झाली म्हणजेच ती खाली उतरते. अळीचीच माशी होते, ही समजूत चीनमध्येही होती. तेथील प्राचीन काव्यात गांधीलमाशी दुसऱ्याच्या अळीला आपले मूल करते, असे आले आहे, आणि पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगचिंग या पंडिताने प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे ती खोडून काढली होती. नाथांची ओवी आणि फाब्रचा लेख एकापाठोपाठ वाचावेत, आणि त्याआधी आपल्या घराच्या खिडकीच्या चौकटीवर किंवा वीजमीटरच्या पेटीमागे असलेले मातीचे घरटे शोधून ठेवावे.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्याशी संबंधित जुने पुस्तक कोणते?

एडवर्ड हॅमिल्टन एटकिन (1851–1909) यांचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' (1883). 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहिणारा हा लेखक साताऱ्यात जन्मला, मुंबई-पुण्यात शिकला, काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होता आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीला लागला. त्याच्या बंगल्याच्या सरहद्दीवरील 'टोळ्या' म्हणजे मुंग्या, डास, गांधीलमाश्या, फुलपाखरे, तसेच उंदीर, पाली आणि कावळे. घरात राहणाऱ्या माणसाला घरातच केवढे जग भेटते, हे इतक्या प्रसन्नपणे सांगणारे पुस्तक विरळा. त्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1883 रोजी, मुंबईत आठ जणांनी स्थापन केलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत एटकिन होते. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन भारतीय डॉक्टरही त्या आठांत होते, हे सहसा सांगितले जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे.

1902 मध्ये एटकिन यांना गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाची पाहणी करण्यासाठी पाठवले गेले, तेव्हा त्यांना डासाची एक नवी जात सापडली. अॅनाफिलीस गणातील त्या डासाला त्यांचेच नाव दिले आहे. वाचताना एक सावधगिरी हवी : हे लेखन साहेबाच्या व्हरांड्यातून केलेले आहे. कीटकांना जी आस्था मिळते, ती घरातल्या नोकरमाणसांना प्रत्येक वेळी मिळत नाही.

स्त्रियांनी लिहिलेली जुनी पुस्तके आहेत का?

मारिया सिबिला मेरियन (1647–1717) या चित्रकर्तीचे सुरिनाममधील कीटकांवरील पुस्तक 1705 मध्ये अॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाले. वयाच्या 52व्या वर्षी, 1699 मध्ये, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील या डच वसाहतीत गेली आणि आजारपणामुळे 1701 मध्ये परतली. त्या काळात कीटक टाचणीला टोचून रांगेत मांडलेले दाखवण्याची रीत होती; मेरियनने मात्र अंडे, अळी, कोष आणि पंख फुटलेला कीटक हे सारे त्या अळीच्या अन्नवनस्पतीवरच एकत्र रंगवले. पुस्तकातील 60 चित्रपृष्ठे आजही पाहत राहावीत अशी आहेत.

त्यांतल्या एका पृष्ठावर आपल्या अंगणातला शंकासुर आहे. त्याखालच्या मजकुरात ती लिहिते, की डच मालकांच्या छळाला कंटाळलेल्या गुलाम स्त्रिया, आपल्या मुलांच्या वाट्याला गुलामी येऊ नये म्हणून, या झाडाच्या बियांनी गर्भपात करतात आणि हे त्यांनीच तिला सांगितले. कीटकांच्या पुस्तकात ही नोंद यावी, यातच त्या पुस्तकाचे मोठेपण आहे. ज्यांनी तिला रानात वाट करून दिली, अळ्या आणून दिल्या आणि वनस्पतींची माहिती दिली, त्या स्त्री-पुरुषांची नावे मात्र पुस्तकात नाहीत.

मधमाश्यांवर काय वाचावे?

कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडली आणि त्यासाठी 1973 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मधमाश्यांच्या जीवनावरील त्यांचे 1927 मधील पुस्तक सामान्य वाचकासाठी आहे. अन्न सापडलेली माशी पोळ्याच्या उभ्या पृष्ठावर पोट थरथरवत सरळ रेषेत धावते, मागे वळते आणि पुन्हा तीच रेषा धरते. त्या रेषेचा उभ्या दिशेशी असणारा कोन म्हणजे सूर्याच्या संदर्भात अन्नाची दिशा, आणि थरथरीचा कालावधी म्हणजे अंतर. थॉमस सीली यांचे 'हनीबी डेमोक्रसी' (2010) त्यापुढची गोष्ट सांगते : नव्या घराची जागा निवडताना हजारो माश्या एकमत कसे करतात.

ही पुस्तके मुख्यतः युरोपीय माशीवर आहेत, हे लक्षात ठेवावे. आपल्याकडची सातेरी पोकळीत पोळी बांधते. आग्यामोहोळ उघड्यावर, कड्याला किंवा उंच फांदीला एकच मोठे पोळे टांगते. आणि लहानगी फुलोरी पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते, त्यामुळे तिच्या नृत्याची रेषा थेट अन्नाच्याच दिशेने असते. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरीचे मधपालन जुने आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे 2022 मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. तेथील एखाद्या मधपाळासोबत पेटी उघडलेली पाहून मग फ्रिश वाचले, तर पुस्तकातील प्रत्येक वाक्य दुप्पट कळते.

कीटकांमुळे होणाऱ्या रोगांचा इतिहास कोठे वाचता येईल?

हान्स झिन्सर यांचे 'रॅट्स, लाइस अँड हिस्टरी' (1935) हे प्रलापक ज्वराचे, म्हणजेच टायफसचे, चरित्र म्हणून लिहिलेले आहे. अनेक लढायांचा निकाल सेनापतींपेक्षा सैनिकांच्या कपड्यांतील उवांनी लावला, हे त्यात सप्रमाण येते. लेखक वारंवार विषयांतर करतो. त्याला वैतागू नये. रोनाल्ड रॉस यांच्या 1923 मधील आठवणी हिवतापासाठी वाचाव्यात. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे परजीवी दिसले. ते डास ज्याचे रक्त प्याले होते, त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासामागे एक आणा देण्यात आला होता.

मराठी वाचकाला याच वर्षांची दुसरी बाजू माहीत असते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये पुण्यात घरांच्या झडत्या झाल्या आणि 22 जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग उंदरावरील पिसवेमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. घरे उपसणाऱ्या, माणसांना छावण्यांत नेणाऱ्या त्या यंत्रणेला पिसवेची भूमिका ठाऊक नव्हती, हे मनात ठेवून त्या काळाची वर्णने पुन्हा वाचून पाहावीत.

'सायलेंट स्प्रिंग' आजही वाचावे का?

अवश्य वाचावे. रेचेल कार्सन यांचे हे पुस्तक 1962 मध्ये आले आणि दहा वर्षांनी अमेरिकेत शेतीतील डीडीटी या कीटकनाशकाच्या वापरावर बंदी आली. कार्सन यांनी सर्वच कीटकनाशकांवर बंदी मागितली, हा आरोप पुस्तक न वाचता केला जातो. जहाल रसायने, त्यांचे परिणाम न जाणणाऱ्यांच्या हाती सरसकट दिली गेली, हे त्यांचे म्हणणे होते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या पिकात, तोंडावर केवळ उपरणे बांधून, पाठीवरच्या पंपाने फवारणी करणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, की हे पुस्तक परक्या देशाचे राहत नाही. त्याच्या जोडीला मित्रकीटकांविषयी वाचावे. मावा खाणारा ढालकिडा आणि बोंडअळीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म माशी यांची ओळख झाल्यावर शेतातला प्रत्येक किडा मारण्याचा आग्रह आपोआप कमी होतो.

टोळधाडीवर पुस्तक आहे का?

2020 मध्ये विदर्भात टोळधाड उतरल्यापासून हा प्रश्न अनेकदा येतो. जेफ्री लॉकवुड यांचे 'लोकस्ट' (2004) हे अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या टोळावर आहे. 1870 च्या दशकात या टोळांनी वसाहतकऱ्यांना देशोधडीला लावले, आणि 1902 नंतर त्या जातीचा एकही जिवंत टोळ सापडला नाही. थव्यांच्या मधल्या काळात हे टोळ पर्वतातील मोजक्या नदीखोऱ्यांत अंडी घालत. तेथेच नांगर फिरला आणि गुरे चरू लागली, असे लॉकवुड यांचे स्पष्टीकरण आहे. जिला मारण्यासाठी सरकारांनी बक्षिसे लावली, ती जात कोणाच्या ध्यानीमनी नसताना संपली.

रेशीम, लाख आणि रंग यांवर?

'अ परफेक्ट रेड' (2005) हे एमी बटलर ग्रीनफिल्ड यांचे पुस्तक मेक्सिकोतील कोचिनील या रंगकीटकावर आहे. भारतातही 1795 मध्ये तो कीटक म्हणून एक कीटक आणला गेला. परंतु तो हलक्या प्रतीचा निघाला, रंगाचा धंदा जमला नाही, आणि त्याने निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. भंडारा-गडचिरोलीत ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणाऱ्या आणि पाखरांपासून त्यांची राखण करणाऱ्या ढिवर समाजावर असेच भरघोस पुस्तक मराठीत व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लहान मुलांना काय द्यावे?

पुस्तकाआधी कढीलिंबाचे किंवा लिंबाचे रोप द्यावे. त्यावर येणारी अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते, आणि तिला हलकेच डिवचले की डोक्यामागून दुभंगलेले लालसर शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (1969) त्यासोबत वाचावे, आणि अळीने खरोखर काय खाल्ले ते मुलांनाच पडताळू द्यावे.

ओळख पटवण्यासाठी एखादे पुस्तक?

फुलपाखरांसाठी आयझॅक किहिमकर यांचे 'द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज' (2008) आणि त्याआधीचे विंटर-ब्लाइथ यांचे 1957 मधील पुस्तक. इतर कीटकांसाठी मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' (1909) जुने असले, तरी त्यातील चित्रे उपयोगी पडतात. शास्त्रीय नावे मात्र आता बदललेली आहेत.

कीटक खरोखरच कमी होत आहेत का?

जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन 75 टक्क्यांहून अधिक घटले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. डेव्ह गुल्सन यांचे 'सायलेंट अर्थ' (2021) या प्रश्नाची कारणे आणि उपाय समजावते. तो आकडा जसाच्या तसा आपल्या तालुक्याला लावू नये. प्रत्येक प्रदेशाची पिके, हवामान आणि फवारणीच्या सवयी वेगळ्या असतात.

मराठीत काय उपलब्ध आहे आणि जुनी पुस्तके कोठे मिळतील?

मराठी विश्वकोशातील कीटक, मधमाशी, रेशीम या नोंदी सविस्तर आहेत आणि संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या प्रकाशनांतही पिकांवरील कीटकांची चांगली माहिती असते. फाब्रचे इंग्रजी अनुवाद, एटकिन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची पुस्तके स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असून इंटरनेट आर्काइव्ह, प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळांवर शोधता येतात. मेरियनची चित्रे मात्र मोबाइलच्या पडद्यावर पाहू नयेत. शक्य असल्यास मोठ्या आकाराची छापील प्रत एखाद्या ग्रंथालयात बसून पाहावी.